गोष्ट कुठे थांबते?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला प्रदर्शित झाला. १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. या सिनेमाने लोकांच्या भावना पेटल्या, असं खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले.

मग असा इतिहास पडद्यावर आणूच नये का? मला तसं वाटत नाही. औरंगजेबाने संभाजीराजांना हालहाल करून मारलं. ते झाकून ठेवा, असं म्हणण्याचं मुसलमानांना काही कारण नाही. प्रश्न आहे तो गोष्ट कुठे थांबते याचा.

माकोतो युकिमुरा यांच्या 'विनलँड सागा' या जपानी चित्रकथेवर २०१९मध्ये ॲनिमेशन मालिका आली. वायकिंगांच्या कत्तली तिच्यात आहेत. पण बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला थॉरफिन दुसऱ्या पर्वात गुलाम होऊन शेतात राबतो. मारलेली माणसं त्याच्या स्वप्नात येतात. हा संथ भाग मालिकेने गाळला नाही.

'छावा' मात्र छळापाशी संपतो. प्रेक्षक तोच राग घेऊन बाहेर पडतो. पुढे १७०७मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले संभाजीपुत्र शाहू खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेले, असं इतिहासकार सांगतात. ते कुणी दाखवत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेत महादेवाचं दर्शन घेणारी माणसं ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यावरही जातात. सिनेमाही हीच माणसं बघतात. त्यांना अर्धीच गोष्ट का सांगायची?