घरच्या शुश्रूषेलाही विमा हवा

सत्तर वर्षांवरील वृद्धांना आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देऊ करणाऱ्या सरकारने आता घरी अंथरुणाला खिळलेल्यांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचीही विम्यातून तरतूद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पक्षाघाताच्या रुग्णास इस्पितळाने घरी सोडले की विम्याचा आधार बहुधा तेथेच संपतो. आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीवाटे अन्न देणे, रात्री-अपरात्री चादरी पालटणे, हे जे काम पुढे वर्षानुवर्षे उरते, ते एक तर सारे निवृत्तिवेतन गिळणाऱ्या पगारी परिचारकाकडे जाते, नाही तर त्यापायी नोकरी सोडावी लागलेल्या सुनेच्या वा लेकीच्या अंगावर पडते. तिच्या कर्तव्यनिष्ठेची स्तुती सारेच करतात. तिच्या बुडालेल्या वेतनाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरी होत नाही.

जपानने चाळिशीपासून सक्तीची वर्गणी घेऊन २००० सालीच असा विमा अमलात आणला. आपल्याकडील असंघटित कष्टकऱ्यांचा हप्ता सरकारी खजिन्यातूनच भरला पाहिजे. आणि प्रशिक्षित परिचारकांची नोंदणी व्हावी ती योजना जारी होण्यापूर्वी, अन्यथा वृद्धांच्या नावाने मंजूर झालेली रक्कम मध्यस्थांच्याच पदरात पडेल.