औषध आकाशातून, रुग्ण डोलीतून!

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध आपण सर्वांनीच शाळेत लिहिला आहे आणि 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असा समारोप करून गुणही मिळवले आहेत. तो प्रश्न आता खरोखरच दारात, नव्हे डोक्यावर, येऊन ठेपला आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी कोरोनाच्या लसी ड्रोनने पोचवण्यात आल्या. डोंगरवाटेचा वेळ वाचला, काम काही मिनिटांत झाले. कौतुकच करायला हवे! पण पुढच्याच पावसाळ्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये, शेजारच्या मोखाडा तालुक्यात रस्ता नसलेल्या एका पाड्यावर घरीच मुदतीआधी प्रसूत झालेल्या मातेची जुळी बाळे दगावली आणि तिला डोलीत घालून दवाखान्याकडे न्यावे लागले. औषधाला आकाश मिळाले; माणसाला वाट मिळाली नाही!

दोष यंत्राचा नव्हे. आफ्रिकेतील डोंगराळ रवांडा देशात २०१६ पासून ड्रोन रुग्णालयांना रक्त पुरवतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस टिकतात. त्या प्रत्येक रुग्णालयात साठवणे परवडत नाही. म्हणून मागणी येताच मध्यवर्ती केंद्रातून ड्रोन निघतो आणि रक्ताची पेटी छत्रीने खाली सोडतो. परंतु त्या देशाने त्याआधीच गावोगावी आरोग्यसेवक उभे केले होते, हे विसरून कसे चालेल? पेटी उघडायला आणि शिरेत सुई घालायला शेवटी माणूसच लागतो.

दुसरा प्रश्न संमतीचा. २०२० च्या टाळेबंदीत पोलिसांनी ड्रोनमधूनच लोकांवर नजर ठेवली होती. मग अंगणातून वर पाहणाऱ्या आजीने औषधाचा ड्रोन कोणता आणि पाळतीचा कोणता, हे ओळखावे कसे? अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने मान दिला आहे. वरून काय टिपले जाते आणि ते कोणाकडे जाते, हे तिला तिच्या बोलीत आधी सांगायला नको का?

मला वाटते, कसोटी सोपी आहे. ड्रोन आला म्हणून परिचारिकेची जागा रिकामी राहिली, रस्त्याचे काम मागे पडले, तर ते यंत्र म्हणजे निव्वळ सबब ठरेल. रस्ता होईपर्यंतचा आधार म्हणून मात्र त्याचे स्वागत करू या.

उद्या आपल्यापैकीच कोणी जिल्हा परिषदेत, कोणी मंत्रालयात बसतील. ड्रोनच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे : पेटी उतरेल तेव्हा ती घ्यायला तिथे कोण उभे असेल?