चिकन आहे, हलकं असतं!

परवा ठाण्याला भाच्याकडे गेले होते. वय ३८, घोडबंदर रोडला घर, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेल्या महिन्यात रिपोर्ट आले : साखर काठावर, यकृतावर चरबी. डॉक्टरांनी आठ किलो वजन उतरवायला सांगितलंय. आणि संध्याकाळी साहेब घरी आले ते कागदी पिशवी घेऊन. आत बर्गर! मी नुसतं बघितलं, तर म्हणतो कसा, "आत्या, अगं चिकनचा आहे. हलका असतो. डाएटवरच आहे मी."

तिथे गप्प बसले, कारण सूनबाई समोर होती. पण डोंबिवलीपर्यंतच्या गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. मराठी शिकवण्यात माझी उमर गेली, तरी गणिताच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तासही मीच घ्यायचे. तेव्हा आज फळ्यावर हिशेबच मांडते.

आधीच सांगून ठेवते, मी काही शाकाहाराचा झेंडा घेऊन उभी नाही. आमच्याकडे रविवारी कोंबडी शिजते आणि मी ती आवडीने खाते. कोंबडीचं सालीशिवायचं छातीचं मांस १०० ग्रॅम घेतलं तर साधारण १२० कॅलरी, २२ ग्रॅम प्रथिनं, चरबी दोन-तीन ग्रॅम. पथ्याला याहून चांगलं काय हवं? कोंबडी बिचारी निर्दोष आहे हो. माझं भांडण आहे ते तिच्या अंगावर जे चढवतात त्याच्याशी.

तर बर्गर. मैद्याचा गोल पाव, १७०-१८० कॅलरी. आतली टिक्की म्हणजे अख्खं मांस नव्हे. खिमा, त्यात पीठ-मसाले, वरून पावाच्या चुऱ्याचं आवरण, आणि मग भरपूर तेलात तळण. म्हणजे आणखी दोनशे-सव्वादोनशे. वर मेयोनीज. हे पांढरं प्रकरण दह्यासारखं दिसतं म्हणून फसायला होतं, पण ते मुख्यतः तेलच. मोठा चमचाभर म्हणजे शंभराच्या घरात. झाले पाचशे! सोबत तळलेले बटाटे आणि गोड पेय घेतलं (आणि ते घेतलं जातंच, कारण एकत्र स्वस्त पडतं) तर आकडा नऊशेच्या पुढे. वजन उतरवणाऱ्याला दिवसाचे पंधराशे सांगितले असतील, तर उरलं काय?

आता घरचं घ्या. तेच १०० ग्रॅम चिकन, चहाचा चमचाभर तेल, कांदा-आलं-लसूण, आणि एक ज्वारीची भाकरी. साडेतीनशेच्या आत. प्रथिनं उलट जास्तच.

मग ही "हलकं असतं" समजूत आली कुठून? ही आयात केलेली आहे. अमेरिकेत बर्गर म्हणजे मुळात गोमांसाचा. तिथे कोणी कोंबडी किंवा टर्की घेतली की ते त्या मानाने हलकं. आपल्याकडे मॅकडोनाल्ड्स १९९६ साली आलं तेच गोमांस आणि डुकराचं मांस वगळून. म्हणजे ज्याच्याशी तुलना होती तो पदार्थ बाहेरच राहिला आणि चिकनची कीर्ती तेवढी आत आली! इथे चिकन बर्गरच्या शेजारी बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर असतो, आणि त्याच्यापेक्षा हा हलका असेलच असं अजिबात नाही.

बरं, तिथेही ही समजूत पूर्ण खरी नाही. न्यू जर्सीला लेकीकडे गेले होते तेव्हा टर्कीच्या खिम्याची पाकिटं मुद्दाम वाचली. एकावर ९३ टक्के, दुसऱ्यावर ८५ टक्के चरबीविरहित. म्हणजे दुसऱ्यात १५ टक्के चरबी! ८५ टक्क्यांचं गोमांसही मिळतंच. पक्षी बदलला म्हणून चरबी कमी होत नाही. खिम्यात गडद मांस आणि साल किती गेली त्यावर ते ठरतं.

भाचा म्हणेल, "मग तुझा वडापाव काय पथ्याचा?" नाही रे बाबा. तळलेला बटाटा आणि पाव, पथ्य कसलं त्यात? प्रथिनांत तर तुझा बर्गर त्याच्या पुढेच आहे, हे मी मान्य करते. पण वडापाव खाणारा तो वडापाव म्हणूनच खातो. ठाणे स्टेशनबाहेर उभा राहून "मी डाएटवर आहे" असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. तो रात्री एक पोळी कमी खातो. तू मात्र पथ्य पाळलं या समाधानात रात्री नेहमीसारखा जेवतोस, हे सूनबाईनेच मला सांगितलं. (तिला रागावू नकोस.)

आणि हे सगळं लपवलेलंही नाही. दहा किंवा जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना २०२२ पासून मेनूवर पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात. किंमत बघतोस ना, त्याच्याच आजूबाजूला असतो तो आकडा. चष्मा लावून मी वाचू शकते तर तुला काय झालं?

भाजलेलं चिकन, मेयोनीज नको, बटाटे नकोत, पेयाऐवजी पाणी, असं मागितलंस तर माझी तक्रार नाही. पण तसं तू मागत नाहीस.

रविवारी दोघं डोंबिवलीला या. बर्गरच हवा असेल तर मी करते, तव्यावर, वर दह्यातली पुदिन्याची चटणी. पाव एकच मिळेल. आणि येताना रिपोर्टची फाईल आण, मला ते आकडे नीट बघायचे आहेत.