रुमाल नको, टोपी चालेल

२६ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या सीन नदीवरून देशोदेशींचे खेळाडू बोटींतून निघाले. मंगोलियाच्या पारंपरिक पोशाखाची जगभर वाहवा झाली. आपल्या साडीवरचा इकत विणलेला नाही, छापलेला आहे म्हणून इकडे गहजब झाला. तो वाद खुशाल करावा. आम्हाला टोचले ते यजमानांच्या बोटीतले.

सुंकांबा सिला ही फ्रान्सची रिले धावपटू. डोक्याला रुमाल बांधते म्हणून आपल्याला सोहळ्यात येता येणार नाही, असे तिनेच सांगितले. मग तडजोड निघाली, टोपी घाल! केस झाकलेलेच राहिले, कापड तेवढे बदलले. इतर देशांच्या खेळाडूंना मात्र ही बंदी नव्हती. म्हणजे पाहुणीचा रुमाल चालतो, घरच्या लेकीचा राष्ट्राला बट्टा लावतो. याला धर्मनिरपेक्षता म्हणायचे?

आमचे काही बंधू इथे मान डोलावतील. त्यांनी जरा थांबावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इराणची एल्नाझ रेकाबी सोलच्या स्पर्धेत उघड्या डोक्याने भिंत चढली. रुमाल चुकून सुटला, असा खुलासा नंतर तिच्या नावाने आला. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी लेखणी उचलली?

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात काही मुली ओढणी डोक्यावर घेतात, काही घेत नाहीत. शाळेच्या शर्यतीत दोघींनाही धाप सारखीच लागते. त्यांतली एखादी उद्या तिरंग्यामागे चालली, तर डोक्यावर काय घ्यायचे ते तिलाच विचारा. आमचे मत त्यात घेऊ नका.