दटावण्यापुरती मराठी



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतील आणि घराघरांत गणपतीची धांदल असेल. मंडळातली बरीच चिल्लीपिल्ली यंदा रिसेप्शनच्या वर्गात गेली. इंग्लंडात शाळा चौथं वर्ष सरताच मागे लागते, पण एक बरं आहे. त्या वयात मुलांनी अक्षरं आणि आकड्यांइतकंच स्वतःच्या भावना ओळखायला शिकावं, असं इथला बालशिक्षणाचा सरकारी आराखडा मानतो. त्यातल्या सात क्षेत्रांपैकी तीन पायाभूत धरली आहेत आणि व्यक्तिगत, सामाजिक व भावनिक विकास हे त्या तिन्हींतलं एक. म्हणूनच अनेक वर्गांच्या भिंतीवर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे चार पट्टे दिसतात. मरगळलेलं मूल निळ्यात, शांत असलेलं हिरव्यात, चुळबुळणारं पिवळ्यात, भडकलेलं लालमध्ये. आना येनास या बार्सिलोनाच्या चित्रकर्तीचं २०१२ सालचं ‘द कलर मॉन्स्टर’ही पुष्कळ वर्गांत वाचलं जातं. त्यात एका राक्षसाच्या भावना रंगांच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि एक मुलगी त्या वेगवेगळ्या बरण्यांत भरून देते.

मग पोर घरी येऊन जाहीर करतं, “आय अ‍ॅम इन द रेड झोन!” आणि आपण म्हणतो, “बरं, आधी जेवून घे.”

आपल्या घरांतून मुलांच्या कानावर पडणारी मराठी एकदा लक्ष देऊन ऐका. चल, आवर, हात धू, सांडू नकोस, आयपॅड ठेव, बस झालं. सगळा आज्ञार्थ. शनिवारच्या आपल्या मराठी शाळेतही आम्ही पहिल्या सत्रात रंग, फळं, प्राणी आणि भाज्या शिकवतो. मुलं दोडका आणि पडवळ अचूक ओळखतात, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. (इथे जन्मलेल्या काही आईबाबांनाही ते जमत नाही.) पण मधल्या सुट्टीत मैत्रिणीने खेळायला घेतलं नाही, तेव्हा काय वाटलं हे मराठीत सांगायची वेळ आली की गाडी अडते. मूल इंग्रजीत सांगतं किंवा “काही नाही” म्हणून मोकळं होतं. भावना शाळेच्या भाषेत आणि दटावणं घरच्या भाषेत, अशी ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. आपल्या धावपळीत ती होऊन बसली आहे.

मातृभाषाच काळजाला भिडते, असं आपण गृहीत धरतो. बॉस्टन विद्यापीठातल्या कॅथरीन कॉल्डवेल-हॅरिस यांनी २००३ साली सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसांना दोन्ही भाषांतले शब्द नि वाक्यं देऊन त्यांनी त्वचेवरच्या घामातला सूक्ष्म बदल मोजला. लहानपणी खाल्लेल्या ओरड्याची वाक्यं तुर्कीत आली की अंग अधिक जोराने साद द्यायचं, इंग्रजीत तेवढं नाही. इथवर आपल्याला नवल वाटणार नाही. “थांब, बघतेच तुला” हे शब्द कुठूनही आले तरी आपली पाठ आजही ताठ होते. पण याच बाईंनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक घरांत वाढून इंग्रजीही लहानपणीच शिकलेल्यांमध्ये, असा फरक आढळला नाही. आपली मुलं या दुसऱ्या गटातली आहेत. मराठी त्यांना आपोआप भिडणार नाही. रुसवेफुगवे, समजूत, माया हे सगळं ज्या भाषेत घडेल, ती त्यांची जवळची होईल.

या शब्दांची शिकवणी लावावी लागत नाही. ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली घरोघरच्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाच्या मुलाशी घरात भावनांबद्दल जितकं बोललं जातं, तितकं ते मूल दोन वर्षांचं झाल्यावर स्वतः त्याबद्दल अधिक बोलतं, असं त्यात दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. आया मुलींशी भावनांबद्दल जास्त बोलत, मुलांशी कमी. आणि दोन वर्षांच्या होईस्तोवर मुलीही त्याबद्दल जास्त बोलू लागत. “मुलगा असून रडतोस काय?” हे वाक्य आपण कुठून उचललं कोण जाणे, पण ते बोरिवलीहून बर्मिंगहॅमपर्यंत न सुरकुतता आलं आहे. निदान यंदा ते सामानातून काढून टाकू या.

शब्दांना आपल्याकडे तोटा नाही. रुसणं, फुगणं, चिडणं, घाबरणं, लाजणं हे चेहऱ्यावरच दिसतं, म्हणून अडीच वर्षांच्या पोरालाही कळतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हिरमुसणं, बावरणं, ओशाळणं, हेवा वाटणं कळायला हरकत नाही. आणि ते कळायला हवंच. धाकट्याला मांडीवर घेतल्यावर थोरली त्याला चिमटा काढते. तिच्या मनात बहुधा हेवा असतो. आपण त्याला खोडसाळपणा म्हणून ओरडतो. तिला ओरडा मिळतो, मांडी मिळत नाही आणि आपल्याला नेमकं काय होतंय हेही कळत नाही. “तुलाही मांडीवर यायचंय ना? त्याचा हेवा वाटतोय तुला. ये, पण चिमटा काढायचा नाही.” एवढ्यात तिन्ही गोष्टी होतात. सोमवारी सकाळी पोट दुखण्याचंही तसंच. ताप आधी बघा. ताप नसेल तर विचारा, “पोटात गोळा आलाय का? मोठ्या मीटिंगच्या आधी माझ्याही येतो.” मुलांना भावना आधी अंगात कळते आणि छातीतली धडधड, घशातला आवंढा, अंगावरचा काटा हे मराठीत दाखवून देणं फार सोपं आहे.

ऐन आकांतात मात्र शब्दांच्या वाटेला जाऊ नये. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात दिसलं खरं. पण ते प्रौढ लोक होते आणि यंत्रात निवांत पडून फोटो बघत होते. सुपरमार्केटच्या फरशीवर लोळण घेतलेल्या पोराला “तुला राग आलाय की वाईट वाटतंय, सांग बरं!” असं विचारणाऱ्या आईबाबांविषयी मला मनापासून सहानुभूती आहे. उत्तर मिळणार नाही. आधी उचलून घ्या, गाडीत बसवा, पाणी द्या. शब्द रात्री अंथरुणात निघतो आणि तोही अंदाज म्हणून: “बिस्किटं घेतली नाहीत म्हणून चिडला होतास होय?” अंदाज चुकला तर मूल दुरुस्त करतं. तेव्हाच ते सगळ्यात जास्त बोलतं.

गेल्या वर्षीचं विसर्जन काहींना आठवत असेल. हॉलच्या मागे मोठ्या टबात शाडूची मूर्ती विरघळत होती आणि एक चिमुरडी बाबांच्या पायाला मिठी मारून हमसत होती. एका मावशीने सांगितलं, बाप्पा पुढच्या वर्षी येणार आहे. दुसरीने हातावर खिरापत ठेवली. तिसरीने विचारलं, “गुड गर्ल कधी रडते का?” रडणं वाढलं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक आजोबा तिच्या शेजारी पायरीवर बसले. “जाऊ नये असं वाटतंय, होय ना? मलाही वाटतं. उद्या रिकामं मखर बघून मला करमायचं नाही.” तिने नाक पुसत विचारलं, “मग तुम्ही पण रडणार?” ते म्हणाले, “बघू, अजून ठरवलं नाही.” ती हसली आणि मग खिरापत खाल्ली.

असे आजी-आजोबा सगळ्यांच्या घरी नसतात, पण व्हिडिओ कॉलवर असतात. “मजेत ना?” या प्रश्नाला “हो” याखेरीज उत्तर नसतं. त्याऐवजी त्यांना सांगायला लावा, तुमचा बाबा पहिलीत जाताना कसा भेदरला होता आणि कोणाच्या पदराआड लपला होता ते. नातवंडं तो किस्सा पुन्हा पुन्हा मागतील.

यंदा गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमात ऐनवेळी जे मूल बावरेल, त्याला रंगमंचावर ढकलू नये, अशी कार्यकारिणीच्या वतीने पालकांना विनंती. विंगेत चटई आणि चित्रपुस्तकं ठेवलेली असतील. मराठी शाळेत या सत्रात भाज्यांच्या जोडीला चेहरेही शिकवणार आहोत. त्यासाठी तुमच्या घरात, तुमच्या गावाकडच्या बोलीत रुसव्याला, भीतीला, हरखण्याला जे शब्द असतील, ते वऱ्हाडी असोत की मालवणी, पुढच्या महिनाअखेरपर्यंत लिहून पाठवा. मुलांच्या चित्रांसह ते दिवाळी अंकात छापू.

गणपती बाप्पा मोरया!

– संपादक