पाणी नितळ, पण नायट्रोजनचे काय?

मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे मलजल प्रक्रियेची सात नवी केंद्रे उभारली जात आहेत. एकत्रित क्षमता दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर. ती सुरू झाली की समुद्रात स्वच्छ पाणी जाईल, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

गाळ खाली बसतो, क्लोरीनने जंतू मरतात, पाणी नितळ दिसते. विरघळलेला नायट्रोजन दिसत नाही. आहारातील प्रथिनांमधून आलेला हा नायट्रोजन मुख्यतः लघवीतील युरियावाटे शरीराबाहेर पडतो. माणशी दिवसाला साधारण दहा ग्रॅम. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे रोजचा शंभर टनांहून अधिक नायट्रोजन! युरिया खताच्या ४५ किलोच्या पाच हजार गोण्यांत मिळून साधारण एवढा असतो. शेतात तो पिकाला लागतो, खाडीत सूक्ष्म शेवाळाला.

हे शेवाळ माजते, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. मासळी गुदमरते. काही जातींचे शेवाळ विषारी असते. ते विष तिसऱ्या, कालवे, शिंपल्यांत साठते आणि शिजवूनही जात नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. उतारा नाही; विष शरीरातून जाईपर्यंत व्हेंटिलेटरचा आधार द्यावा लागतो. केरळात विझिंजम येथे १९९७ मध्ये अशा शिंपल्यांनी बळी घेतले होते. प्रत्येक विषारी बहराचे खापर सांडपाण्यावर फोडता येत नाही, प्रवाह आणि तापमानही कारण असते. पण खत घालणे तरी आपल्या हातात आहे.

नियमांचा प्रवास मात्र उलटा झाला. केंद्राच्या २०१५ च्या मसुद्यात एकूण नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत ती गळाली. हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ रोजी मोठ्या शहरांसह देशभरासाठी ती पुन्हा घालण्यास सांगितले.

नायट्रोजन काढायचा तर आधी भरपूर हवा देऊन अमोनियाचे नायट्रेट करावे लागते, मग हवा तोडून दुसऱ्या जंतूंकडून त्याचा वायू. हे विजेचे आणि कुशल माणसांचे काम आहे. बिल वाचवायला हवेचे पंप बंद ठेवले, की सगळे मुसळ केरात.

अमेरिकेत फ्लोरिडातील टॅम्पा शहराने हे १९७९ मध्ये सुरू केले. उपसागरातील समुद्री गवत ४० हजार एकरांवर परतायला सुमारे पस्तीस वर्षे लागली. २०२१ मध्ये खताच्या एका बंद कारखान्याच्या तळ्यातील ८० कोटी लिटरहून अधिक पाणी तिथे सोडावे लागले, तेव्हा पुन्हा शेवाळ माजले.

मुंबईत झोपडपट्ट्यांतील नाल्यांचे पाणी तर प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचतही नाही. ते वळवण्याचे काम केंद्रांइतकेच मोठे आहे. आणि केंद्रे सुरू झाल्यावर बीओडीच्या जोडीला एकूण नायट्रोजनचा आकडाही दरमहा जाहीर व्हायला हवा.