काचेची पडवी आणि कूलरचा सौदा

आखातातून परतलेले आपले अनेक बांधव कोकणात घर बांधताना पडवी काचेने बंद करून घेतात. त्यातून अॅल्युमिनियमवाल्या कारागिरांना रोजी मिळते, याचा आम्हाला आनंदच आहे. तक्रार आहे ती त्या पडवीसाठी मागाहून गळ्यात मारल्या जाणाऱ्या कूलरची. कूलर पाणी सुकवून हवा गार करतो. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत तो झकास चालतो. रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी नीट सुकत नाही, बंद पडवीत ओल साचते आणि गाद्यांना बुरशी येते. (हिटरची तर इथे बातच नको!) मालातला ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे, हे व्यापारी बंधूंना आम्ही का सांगावे?

ऊन काचेतून आत शिरल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही. सावली काचेबाहेर हवी: रुंद छज्जा किंवा बांबूची चिक. समोरासमोर उघडणारी तावदाने ठेवावीत, वर एक्झॉस्ट पंखा बसवावा. एसी हवेतले पाणीही काढतो, पण तो लावायचा तर आधी फटी बुजवाव्या लागतात. छज्ज्याच्या कामात वेल्डरलाही मजुरी आहे, सुतारालाही. कूलरच्या कमिशनात दोघांनाही काही नाही.